उपवास कुणाच्या वाट्याला आला

१६२० सालच्या नोव्हेंबरात केप कॉडच्या किनाऱ्यावर काही इंग्रज माणसं वाळू उकरत होती. ढिगाऱ्यावर हातांनी थोपटल्याच्या खुणा ताज्या होत्या. आधी एक लहान जुनी टोपली निघाली आणि तिच्याखाली एक मोठी, नवी कोरी, तोंडाशी निमुळती टोपली. दोघांनी मिळून उचलावी लागेल एवढी. आत त्या वर्षीचा मका होता. ३६ सबंध कणसं, काही पिवळी, काही लाल, काही निळसर दाण्यांची, आणि बाकी सोललेले दाणे. टोपली इतकी सुबक विणलेली होती की उकरणाऱ्यांनी तिचंही कौतुक लिहून ठेवलं. कुणीतरी पुढच्या पेरणीसाठी पुरून ठेवलेलं बियाणं होतं ते. जवळच सापडलेल्या एका किटलीत त्यांनी मावेल तेवढं भरलं, खिशात कोंबलं आणि उरलेलं न्यायला काही दिवसांनी पुन्हा आले. वाटेत एक थडगं उघडून पाहिलं. त्यात एका लहान मुलाची हाडं आणि मण्यांच्या माळा होत्या. त्यातल्या छान छान वस्तू काढून घेऊन त्यांनी थडगं परत बुजवलं.

हे सगळं त्यांनीच छापून प्रसिद्ध केलं. लपवावं असं त्यांना त्यात काही वाटलं नाही. मका सापडला ही देवाची कृपा, नाहीतर आमचं काय झालं असतं, असं त्यांनी मनापासून लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मालकांची गाठ पडली तेव्हा त्यांनी भरपाईही केली, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. पण आभार आधीच मानून झाले होते, आणि ते मालकाचे नव्हते.

हीच मेफ्लॉवरमधून उतरलेली मंडळी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी जो थँक्सगिव्हिंग होतो, त्याच्या चित्रात काळी टोपी घालून बसलेले असतात ते.

मी बॉस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते. इथल्या मराठी घरांनी हा सण कधीच आपलासा केलाय. सुट्टी असते, थंडी पडलेली असते, घरी माणसं येतात. टर्की फारसं कुणाला आवडत नाही, आणि ज्यांना आवडतं असं ते म्हणतात त्यांच्या ताटातही ती तशीच उरते. खरा मान मसालेभाताला आणि डब्यातल्या भोपळ्याच्या गराच्या घारग्यांना. क्रॅनबेरीचं लोणचं तर आता इतकं मुरलंय की ते सांगलीहून आलं असं कुणी म्हटलं तरी खपेल.

माझी आई एका वर्षी नेमकी याच दिवसांत आली होती. सकाळपासून ती विचारत होती, "अगं, पण पूजा कुठली? देव कुठला याचा?" मी म्हटलं, "आई, देव नसतो यात. नुसते आभार मानायचे." ती थोडा वेळ घारगे थापत राहिली आणि म्हणाली, "कुणाचे?"

तिला खोचक काही म्हणायचं नव्हतं. नैवेद्य कुठे ठेवायचा एवढीच तिची अडचण होती. पण या सणात एके काळी देव होता, आणि तो फार कडक देव होता. तो सणातून हळूहळू बाहेर गेला आणि जाताना इतर बरंच काही झाकून गेला.

मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते. त्यातले निम्म्याच्या आसपास इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी काडीमोड घेतलेले होते. स्क्रूबी नावाच्या गावातून छळाला कंटाळून ते आधी हॉलंडमध्ये लायडनला गेले, तिथे दहा-बारा वर्षं कापड विणून पोटं भरली आणि मग समुद्र ओलांडला. बायबलमध्ये जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून नाताळ नाही, ईस्टर नाही. १६२१च्या नाताळात नव्याने आलेले काही तरुण 'आमची श्रद्धा आड येते' असं सांगून कामावर गेले नाहीत. त्यांच्या प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड दुपारी परतले तर ही पोरं रस्त्यात चेंडू खेळताना सापडली. ब्रॅडफर्डनी खेळाचं सामान जप्त केलं आणि म्हणाले, श्रद्धा असेल तर घरात बसून प्रार्थना करा, इतर लोक राबत असताना तुम्ही खेळणं हे माझ्या श्रद्धेत बसत नाही. पुढे शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६५९ साली नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंडच बसवला.

पंचांगातले ठरीव सण काढून टाकल्यावर उरले दोनच प्रकारचे दिवस. ते आधीपासून ठरलेले नसत, प्रसंग पाहून जाहीर होत. दुष्काळ पडला, साथ आली, लढाईत मार खाल्ला की देव रागावला असं समजून उपवासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस. पाऊस आला, जहाज सुखरूप पोहोचलं, शत्रू हरला की देव प्रसन्न झाला असं समजून आभाराचा दिवस. चर्चमध्ये तासन् तास प्रवचन, स्तोत्रं, आणि मग बहुधा जेवण. जगात जे जे घडतं ते देवाने मुद्दाम घडवलेलं असतं, योगायोग असं काही नसतंच, ही त्यामागची धारणा. जमाखर्चाच्या वहीसारखी ही व्यवस्था होती, आणि जमेच्या बाजूला काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात होतं.

या हिशेबात १६२१च्या शरद ऋतूतलं ते प्रसिद्ध जेवण बसत नाही. त्याबद्दलचा प्रत्यक्षदर्शी मजकूर म्हणजे मेफ्लॉवरमधूनच आलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातला एक परिच्छेद. पीक घरात आलं, गव्हर्नरने चार माणसं पक्षी मारायला पाठवली, बंदुकीचे खेळ झाले, ऊसामेक्विन हा तिथल्या मूळनिवासी वांपानोआग लोकांचा प्रमुख (इंग्रज त्याला मॅसासॉइट म्हणत) आपल्या नव्वद माणसांसह आला, तीन दिवस जेवणं झाली, त्यांनी पाच हरणं मारून आणली. देवाच्या कृपेचा उल्लेख विन्स्लो करतो, पण आभाराचा धार्मिक दिवस पाळल्याचं कुठेही म्हणत नाही. गावात इंग्रज होते पन्नासच्या आसपास. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे मेले होते. म्हणजे पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट आणि हत्यारबंद. शाळेतल्या चित्रांत हे प्रमाण नेमकं उलटं असतं. माझ्या मुलाने बालवाडीतून कागदी पिसांचा पट्टा डोक्याला लावून आणला होता तेव्हा त्याच्या वर्गाच्या फोटोत वीस टोप्या होत्या आणि चार पिसं.

ऊसामेक्विनने या इंग्रजांशी मुळात तह का केला, हा खरा प्रश्न. १६१६ ते १६१९ या काळात या किनाऱ्यावर युरोपी जहाजांबरोबर आलेली एक साथ फिरली. रोग नेमका कोणता यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही, पण गावंच्या गावं संपली. पुरायला माणूस उरला नाही म्हणून हाडं उघड्यावर पडली होती, असं नंतर आलेल्या इंग्रजांनीच लिहिलंय. पश्चिमेकडच्या नॅरागान्सेट लोकांना मात्र ही झळ लागली नव्हती, आणि ते वांपानोआगांवर दबाव आणत होते. तेव्हा बंदुका असलेले हे उपाशी परके हाताशी धरणं हे ऊसामेक्विनचं राजकारण होतं.

प्लिमथ वसलं ती जागा म्हणजे पटक्सेट नावाचं असंच रिकामं झालेलं गाव. शेतं आयती मोकळी होती. त्या गावचा टिस्क्वांटम हा माणूस १६१४ साली टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने फसवून पळवला आणि स्पेनमध्ये मालागाला विकायला नेला. तिथल्या धर्मगुरूंनी त्याला सोडवलं. तो लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ साली खटपटी करून घरी आला तर गावात एकही माणूस जिवंत नव्हता. पुढे ज्यांनी त्याच्या गावावर घरं बांधली त्यांना मका कसा पेरायचा, मुळाशी मासे कसे पुरायचे हे त्यानेच शिकवलं. ब्रॅडफर्डनी लिहिलं की हा माणूस म्हणजे देवाने आमच्या भल्यासाठी पाठवलेलं साधन. त्या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळते. ब्रॅडफर्ड कृतघ्न नव्हते, ढोंगीही नव्हते. त्यांना खरोखर तसंच दिसत होतं. एका माणसाचं अपहरण, त्याच्या सगळ्या गावाचा मृत्यू, आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याला मका पेरता यावा म्हणून!

हे एकट्या ब्रॅडफर्डचं नव्हतं. १६२० साली राजा जेम्सने दिलेल्या सनदेतच त्या साथीचा उल्लेख देवाची करणी असा आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचे नेते जॉन विंथ्रॉप यांनी १६३४ साली इंग्लंडला पत्र पाठवलं. इथले लोक देवीच्या रोगाने जवळपास सगळे मेले, म्हणजे आमच्या ताब्यातल्या जमिनीवरचा आमचा हक्क परमेश्वरानेच मोकळा करून दिला, असं त्यात आहे. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद वाचावी तसा त्या वाक्याचा सूर आहे.

धार्मिक अर्थाने प्लिमथचा पहिला ठळक आभारदिन १६२३ सालचा. उन्हाळ्यात दोन महिने पाऊस नव्हता, मका वाळत होता, उपवासाचा दिवस ठरला. आठ-नऊ तास प्रार्थना चालली आणि संध्याकाळपासून हलका, सावकाश, भिजवणारा पाऊस सुरू झाला. आमच्या देशावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हा प्रसंग वाचताना माझंही मन त्या लोकांच्या बाजूला जातं. पण त्याच वर्षी वसंत ऋतूत त्यांचा कप्तान माइल्स स्टँडिश याने जवळच्या वेसागसेट वस्तीत विटुवामट नावाच्या स्थानिक पुढाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना खोलीत घेऊन दार लावून मारलं होतं. कटाची खबर लागली म्हणून. विटुवामटचं मुंडकं प्लिमथच्या किल्ल्यावर लावलं होतं. तो किल्लाच त्यांचं प्रार्थनागृहही होता. पावसासाठी प्रार्थना करायला लोक आत गेले ते त्या मुंडक्याखालून.

यावर त्यांचा धर्मगुरू जॉन रॉबिन्सन काय म्हणाला ते महत्त्वाचं. तो लायडनलाच मागे राहिला होता. बातमी कळल्यावर त्याने पत्र लिहिलं, की मारण्याआधी त्यातल्या काही जणांना तुम्ही धर्मात आणलं असतंत तर किती बरं झालं असतं. स्टँडिशच्या स्वभावात देवाच्या प्रतिमेत घडवलेल्या माणसाच्या जिवाबद्दलची कोवळीक कमी आहे की काय, अशी शंकाही त्याने बोलून दाखवली. ब्रॅडफर्डनी हे पत्र आपल्या इतिहासात प्रामाणिकपणे उतरवून घेतलं.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. दोनच दिवस सांगते. २६ मे १६३७ला पहाटे इंग्रज आणि त्यांच्या मोहिगन व नॅरागान्सेट मित्रांनी मिस्टिक नदीकाठचं पीकॉट लोकांचं तटबंदीचं गाव वेढलं आणि आग लावली. आत बायकामुलं, म्हातारे. किमान चारशे, काहींच्या मते सातशे जीव गेले. नॅरागान्सेट मित्रच हे पाहून हादरले आणि फार माणसं मारता तुम्ही, असं म्हणाले. ब्रॅडफर्डनी आगीत तळली जाणारी माणसं आणि रक्ताचे ओहोळ यांचं वर्णन करून पुढे लिहिलं की हा विजय म्हणजे गोड आहुती वाटली, आणि तिचं श्रेय त्यांनी देवाला दिलं. त्या ऑक्टोबरात चर्चमध्ये आभारदिन पाळला गेला. पकडलेले काही पीकॉट 'डिझायर' नावाच्या जहाजातून कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून गेले, आणि परतताना त्याच जहाजातून आफ्रिकी गुलाम आले.

दुसरा दिवस १७ ऑगस्ट १६७६. (आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती.) प्लिमथच्या चर्चने आभारदिन ठेवला होता आणि त्याच दिवशी मेटाकॉमचं मुंडकं गावात आणलं गेलं. मेटाकॉम, इंग्रजांचा 'किंग फिलिप', हा ऊसामेक्विनचा मुलगा. बापाने १६२१ साली ज्यांच्याबरोबर तीन दिवस हरणाचं मांस खाल्लं, त्यांच्याच वसाहतीने ५५ वर्षांनी मुलाचं मुंडकं खांबावर लावलं, आणि ते वीस वर्षांहून जास्त तिथेच राहिलं. त्याचा नऊ वर्षांचा मुलगाही हाती लागला होता. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारावं का, यावर धर्मगुरूंनी बायबलमधले दाखले काढून वाद घातला. दोघांनी लेखी मत दिलं, मारायला हरकत नाही. जेम्स कीथ या एकाने दया दाखवा म्हणून विनवलं. शेवटी त्या पोराला परदेशी गुलामगिरीत विकलं.

आमच्या भागातल्या खूप मराठी मंडळींची घरं नेटिकमध्ये आहेत. चांगल्या शाळा, मॉल, बॉस्टनला जायला लोकल गाडी. हे गाव १६५१ साली जॉन एलियट या पाद्र्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांसाठी वसवलं होतं. मेटाकॉमचं युद्ध पेटल्यावर इंग्रजांना या आपल्याच धर्मबंधूंचा भरवसा वाटेना. ऑक्टोबर १६७५च्या अखेरीस नेटिकच्या सुमारे दोनशे लोकांना चार्ल्स नदीवर नेलं, मध्यरात्री भरतीच्या पाण्यावर होड्यांत बसवलं आणि बॉस्टन बंदराच्या तोंडाशी डीअर आयलंडवर सोडलं. नंतर इतर गावांतले आणखी आणले. हिवाळा, उघडं बेट, लाकूड तोडायचं नाही, मेंढ्यांना हात लावायचा नाही. शिंपले खाऊन काही जगले, पुष्कळ जण भुकेने आणि थंडीने मेले. बॉस्टनला विमान उतरताना एका बाजूच्या खिडकीतून अंड्याच्या आकाराच्या प्रचंड टाक्या दिसतात. ते सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र म्हणजे डीअर आयलंड. माझ्या आईने त्या पाहून विचारलं होतं, हे कसलं मंदिर गं?

आता सणाचं. १८४१ साली अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचं पत्र पुन्हा छापताना तळटीप दिली, की हा पहिला थँक्सगिव्हिंग. एवढ्याने काम झालं. सारा जोसेफा हेल या संपादिकेने राष्ट्रीय सणासाठी वर्षानुवर्षं पत्रं पाठवली, आणि ३ ऑक्टोबर १८६३ला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकनने जाहीरनामा काढला. हा जाहीरनामा मला लोक समजतात त्याहून बरा वाटतो. आभार मानतानाच देशाच्या वाकड्या वागण्याबद्दल नम्रपणे पश्चात्ताप करा, विधवा आणि अनाथांची आठवण ठेवा, असं त्यात म्हटलंय. म्हणजे जुन्या उपवासाच्या दिवसाचा एक अंश लिंकनने आभाराच्या दिवसात घातला होता. पश्चात्तापाच्या त्या यादीत मिनेसोटाचे मूळनिवासी डकोटा लोक येतात का, याचं उत्तर जाहीरनाम्यात मिळत नाही. आदल्याच डिसेंबरात लिंकनच्या मंजुरीने त्यांच्यातल्या ३८ जणांना एकाच वेळी फासावर दिलं होतं.

त्यानंतर पश्चात्ताप गळून गेला, देवही नावापुरता राहिला. १९४१ साली काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला. टर्की, फुटबॉल, दुसऱ्या दिवशीची खरेदी. आणि यंगच्या तळटिपेतलं ते एक जेवण मुखपृष्ठावर आलं. तसं पाहिलं तर सगळ्या कहाणीतला तोच भाग मला मनापासून आवडतो. त्यावर प्रवचन नव्हतं, ते कुणाच्या पराभवाबद्दल नव्हतं, आणि हरणं आणणाऱ्याला इंग्रजांनी 'साधन' ठरवलेलं नव्हतं. निदान ते तीन दिवस तरी.

उपवासाचा धागा मात्र तुटला नाही. १९७० साली मेफ्लॉवरला ३५० वर्षं झाली म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने मेजवानी ठेवली आणि वामसुटा फ्रँक जेम्स या वांपानोआग शिक्षकाला भाषणाला बोलावलं. भाषण आधी मागवून वाचलं, तर त्यात थडगी उकरल्याचा आणि मका नेल्याचा उल्लेख. दुसरं लिहून देतो, हे वाचा, असं आयोजकांनी सांगितलं. त्यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांचे साथीदार प्लिमथच्या कोल्स हिलवर, ऊसामेक्विनच्या पुतळ्यापाशी जमले आणि तो शोकदिन ठरला. तेव्हापासून तो दर वर्षी होतो. बोलणारे फक्त मूळनिवासी समाजातले असतात, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यातले बरेच जण आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून उपाशी असतात. जमाखर्चाच्या त्या जुन्या वहीतल्या दोन दिवसांपैकी मेजवानी एकाकडे राहिली आणि उपवास दुसऱ्याकडे गेला.

वांपानोआग आभार मानत नाहीत असं मात्र नाही. त्यांचे आभाराचे सण पूर्वीपासूनचे आणि अनेक आहेत. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर अक्विना इथे ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरीचा दिवस असतो. सगळं गाव फळं तोडायला जातं, आणि तिथे आभार कशाचे मानायचे याची चर्चा करावी लागत नाही. त्यांची भाषाही परत आलीय. एलियटने धर्मांतरासाठी १६६३ साली या भाषेत सबंध बायबल छापलं होतं. दीडशे वर्षं बोलणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा जेसी लिटल डो बेअर्ड यांनी त्याच बायबलच्या आणि जुन्या जमीनखतांच्या आधारे व्याकरण जुळवलं आणि आपल्या मुलीला ती भाषा जन्मापासून शिकवली.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं माझ्याशी यावरून दर वर्षी वाजतं. तिचं म्हणणं, त्या काळची माणसंच तशी होती, आपण कशाला आपल्या जेवणात विरजण घालायचं, आपल्या आजोबांनी थोडीच कुणाला जाळलंय. शेवटचा मुद्दा बरोबर आहे. पहिला नाही. रॉबिन्सन त्याच काळचा होता, त्यांचाच गुरू होता. कीथ त्याच काळचा. हादरलेले नॅरागान्सेट त्याच रणांगणावर उभे होते. 'फार झालं' असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती, आणि त्यांचं ऐकून घेऊन ते बाजूला ठेवलं गेलं.

जेवण आम्ही सोडलेलं नाही. फक्त दुपारचं संध्याकाळवर नेलंय, कारण बाराला प्लिमथला पोहोचायचं तर सकाळीच निघावं लागतं आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मैत्रीण मसालेभात घेऊन सातला येते आणि उशिराबद्दल कुरकुरते. मुलगा वाटेत सँडविच खातो. मी संध्याकाळपर्यंत काही खात नाही हे आईला फोनवर कळलं तेव्हा तिने लगेच विचारलं, साबुदाणा चालतो का त्यांना? मी म्हटलं, आई, तसला उपवास नाही तो.